मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल आणि सातारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलला लागून सेंट थॉमस कॅथेड्रल उभं आहे. साताऱ्याहून सहल घेऊन जाणारे शिक्षक, इतिहासाच्या ओढीनं जाणारी मंडळी आणि आपल्याकडची ख्रिस्ती कुटुंबं या इमारतीबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. या चर्चवर जे लिहिलं जातं ते बहुतेक मुंबईच्या बाजूनं. इथे ते साताऱ्याच्या बाजूनं पाहिलं आहे, आणि तसं पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही असं आम्हाला मनापासून वाटतं.

साताऱ्याच्या माणसानं मुंबईच्या इंग्रजी चर्चचा इतिहास कशासाठी वाचायचा?

कारण या इमारतीच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याशी सातारा जोडलेला आहे. पायाचं काम निघालं तेव्हा शिवराज्याभिषेकाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. इमारत पुरी झाली तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते आणि त्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे मुंबईच्या गव्हर्नरशी समुद्रावर झुंजत होते. मनोरा चढला त्या वर्षांत प्रतापसिंह महाराजांवरच्या आरोपांचे कागद मुंबई सरकारच्या टेबलावर होते. ज्या दरवाजाला या चर्चचं नाव मिळालं तो दरवाजा ज्याच्या कारकिर्दीत पडला, तो गव्हर्नर त्याआधी साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी होता. शाळेच्या पुस्तकात हे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं. इथे एका आवारात उभं राहून ते सलग सांगता येतं.

कॅथेड्रल आणि साधं चर्च यांत फरक काय?

ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. इमारत किती मोठी आहे यावर ते ठरत नाही. म्हणूनच ही इमारत १७१८ पासून चर्च होती आणि कॅथेड्रल झाली ती १८३७ मध्ये, मुंबईला पहिला बिशप मिळाला तेव्हा.

बांधकामाला सुरुवात कधी झाली?

मुंबई बेट पोर्तुगीजांकडून आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे आलं आणि १६६८ मध्ये राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर झाला. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला तिथे पाठवणारा हाच ऑन्जियर. मुंबईला शहराचं रूप देण्याचा त्याचा बेत होता: न्यायालय, टांकसाळ, व्यापाऱ्यांना अभय, आणि इंग्रजांच्या वसाहतीसाठी एक नीटसं चर्च. त्या चर्चचा पाया १६७६ च्या सुमारास पडला.

मग चाळीस वर्षं काम का रखडलं?

ऑन्जियर १६७७ मध्ये सुरतेला वारला आणि त्याच्याबरोबर त्या बेतातली धगही गेली. भिंती पुरुष-दोन पुरुष उंचीच्या झाल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. जमवलेल्या पैशाचं काय झालं यावर त्या काळातच बोट ठेवलं गेलं. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं आपल्या प्रवासवर्णनात सरळ सर जॉन चाइल्डवर ठपका ठेवला आहे, की वर्गणी त्यानं स्वतःकडे वळवली. हॅमिल्टनचं चाइल्डशी वाकडं होतं, तेव्हा त्याचा शब्द जसाच्या तसा घेऊ नये. पण चाइल्डच्या काळात मुंबईचे हाल झाले यात शंका नाही. त्यानं औरंगजेबाशी भांडण ओढवून घेतलं आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला. बेटाचा बराचसा भाग त्याच्या ताब्यात गेला आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. ज्यांना स्वतःचा जीव वाचवायची भ्रांत, ते देवाच्या घराचं छप्पर कुठून घालणार?

शेवटी चर्च पुरं कोणी केलं?

रिचर्ड कॉब या पाद्र्यानं. तो १७१४ मध्ये कंपनीचा धर्मोपदेशक म्हणून मुंबईत आला. तेव्हा इंग्रजांची उपासना किल्ल्यातल्याच एका खोलीत चाले. कॉबनं १७१५ मध्ये प्रवचनातच विषय काढला आणि वर्गणी सुरू केली. मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी दिली, कंपनीच्या इतर वखारींतूनही पैसे आले. त्याच वर्षी नव्यानं पायाभरणी झाली आणि तीन वर्षांत इमारत उभी राहिली. कॉबनं या सगळ्याची हकीकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला हे इतक्या बारकाईनं कळतं. चर्चजवळ गरीब मुलांसाठी एक छोटी मोफत शाळाही त्यानं काढली. मुंबईतल्या इंग्रजी शाळांची परंपरा सांगताना ती विसरली जाते, हे बरोबर नाही.

चर्च उघडलं तो दिवस कसा होता?

२५ डिसेंबर १७१८, नाताळ. गव्हर्नर चार्ल्स बून लवाजम्यासह आला, उपासना झाली, एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, नंतर मेजवानी झाली. इंग्रजी पुस्तकांतलं वर्णन बहुधा इथेच थांबतं.

आपण थोडं मागे जाऊ. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच बून स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर गेला होता. खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे होती. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात वळवलं होतं आणि महाराजांनी सरखेलपद कायम केलं होतं. म्हणजे खांदेरीवरचा हल्ला हा साताऱ्याच्या दर्यासारंगावरचा हल्ला होता. तो पुरता फसला. इंग्रजांना बेटावर पाय रोवता आला नाही, माणसं गमावून बून मुंबईला परतला. त्यानंतर महिनाभरानं तो या नव्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसला.

आमच्या मते या इमारतीचा पहिला नाताळ समजून घ्यायचा तर खांदेरी सोडून चालणार नाही. बाहेर समुद्रावर आंग्र्यांची गलबतं, भोवती बूनच्याच काळात बांधलेला शहराचा तट, आणि आत प्रार्थना करणारी, घरापासून हजारो मैल दूर असलेली माणसं. छप्पर तोफगोळ्यालाही दाद देणार नाही इतकं भक्कम बांधलं होतं असं सांगतात. देवळाचं छप्पर तोफेच्या हिशेबानं बांधावं लागलं असेल, तर ती धास्ती कुणाची होती हे साताऱ्याच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

रामा कामाती कोण, आणि त्याचं नाव इथे का घेतात?

हा प्रश्न कमी जण विचारतात. जास्त जणांनी विचारावा अशी आमची इच्छा आहे.

रामा कामाती हा मुंबईतला बडा सारस्वत व्यापारी. कंपनीला माणसं आणि पैसा पुरवणारा, इंग्रजांच्या विश्वासातला. वाळकेश्वराचं देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं ते त्याच्या पैशानं. म्हणजे मुंबईच्या एका टोकाला वाळकेश्वर आणि दुसऱ्या टोकाला सेंट थॉमस अशी दोन बांधकामं एकाच सुमारास चालली होती. चर्च उघडलं त्या नाताळला रामा कामाती आपल्या ज्ञातबांधवांना घेऊन आला आणि उपासना होईपर्यंत बाहेर उभा राहिला, असं कॉब लिहितो. परक्यांच्या देवळाचा सोहळा मानानं पाहायला आलेला हा मराठी मुलखातला माणूस आम्हाला त्या दिवसाचा सर्वांत लक्षात राहणारा पाहुणा वाटतो.

पुढे काय झालं? आंग्र्यांवरच्या मोहिमा फसत गेल्या तसा बूनला घरात फितूर दिसू लागला. १७२० मध्ये रामा कामातीवर कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्याच्या नोकराचा छळ करून कबुली मिळवली, पत्रं पुरावा म्हणून पुढे आली, मालमत्ता जप्त झाली आणि त्याला कैदेत टाकलं. १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. ती पत्रं बनावट होती असं पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं. त्याचा त्याला काय उपयोग?

साताऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटते, कारण शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्या छत्रपतींवर असंच बालंट आलं. त्याबद्दल पुढे येईलच.

चर्चगेट स्टेशनचं नाव यावरूनच पडलं का?

हो. मुंबईच्या कोटाला तीन दरवाजे होते: अपोलो, बाजारगेट आणि चर्चगेट. चर्चगेट म्हणजे या चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावरचा दरवाजा. जवळ पवनचक्की होती म्हणून मराठी माणसं त्याला पवनचक्कीचा दरवाजा म्हणत. आजचा वीर नरिमन रोड म्हणजे जुना चर्चगेट स्ट्रीट.

कोटाला खरी खोली आली ती १७३९ नंतर. चिमाजी आप्पांनी मे महिन्यात वसई घेतली आणि मुंबईचे इंग्रज हादरले. व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली आणि तटाभोवती खंदक खणायला घेतला. एकीकडे कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे वसईला पाठवलं, तर दुसरीकडे कॅप्टन विल्यम गॉर्डनला थेट शाहू महाराजांच्या भेटीला. महाराज तेव्हा मिरजेच्या वेढ्यावर होते, म्हणून गॉर्डनला घाट चढून तिकडे जावं लागलं. मुंबईचं भवितव्य विचारायला इंग्रज वकील कृष्णाकाठी आला होता, हे सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असावं.

तो दरवाजा कुठे गेला?

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रेअर मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठ्यांची धास्ती केव्हाच संपली होती, शहर कापसाच्या पैशानं फुगत होतं, आणि तट वाटेत येत होता. फ्रेअरच्या कारकिर्दीत तट पाडला, दरवाजे गेले, खंदक बुजवले. चर्चगेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. मुळात ते फ्रेअरच्याच सन्मानासाठी व्हायचं होतं.

हा फ्रेअर आपल्या चांगल्या ओळखीचा. १८४७ पासून तो साताऱ्यात रेसिडेंट होता. एप्रिल १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक मान्य करावा, असं मत फ्रेअरनं दिलं. डलहौसीनं ते झिडकारलं आणि सातारा खालसा केलं. डलहौसीनं दत्तक नामंजूर करून गिळलेलं हे पहिलं राज्य. मत विरुद्ध देऊनही फ्रेअर कमिशनर म्हणून इथला कारभार पाहत राहिला. त्याला चांगला म्हणावं की वाईट, यावर वर्गात हमखास वाद होतो आणि तो व्हायला हवा. त्याचा कागदावरचा विरोध खरा होता आणि त्यानं चालवलेला कारभारही खरा होता.

त्याच फ्लोरा फाउंटनशेजारी आज हुतात्मा स्मारक आहे. चर्चगेटच्या जागेवर संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची ज्योत. साताऱ्याहून गेलेल्यांनी तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुंबईपासूनची अंतरं या चर्चपासून मोजत, हे खरं का?

खरं. एकोणिसाव्या शतकात बसवलेले मैलाचे दगड मुंबईत अजून काही ठिकाणी सापडतात. त्यांवर सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल रोमन आकड्यांत कोरलेले आहेत. रस्त्यांच्या कामात गाडले गेलेले काही दगड गेल्या काही वर्षांत वर काढून दुरुस्त केले आहेत.

कॅथेड्रल कधी झालं आणि मनोरा कधीचा?

१८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडलटन मुंबईला आले आणि त्यांनी चर्चचं विधिपूर्वक समर्पण संत थोमाच्या नावानं केलं. संत थोमा म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. तो इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर आला अशी तिथल्या ख्रिस्ती समाजाची परंपरा सांगते. १८३७ मध्ये मुंबईचा धर्मप्रांत वेगळा झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि चर्चचं कॅथेड्रल झालं. पश्चिमेचा उंच मनोरा आणि घड्याळ १८३८ चं. त्याआधी तिथे बुटका घंटाघर होता.

आता त्या वर्षांकडे साताऱ्यातून पाहा. गव्हर्नर होता सर रॉबर्ट ग्रँट, ज्याची इंग्रजी ख्रिस्ती गीतं आजही गायली जातात. त्याच्याच कारकिर्दीत, १८३६ मध्ये, छत्रपती प्रतापसिंह महाराजांची चौकशी करायला साताऱ्यात कमिशन बसलं. आरोप काय, तर कंपनीच्या फौजेतल्या देशी सुभेदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं. महाराज रस्ते बांधत होते, शाळा काढत होते, छापखाना घालत होते, शहराला पाणी आणत होते. अशा राजाला राजद्रोही ठरवायचं काम चाललं होतं. ग्रँट जुलै १८३८ मध्ये दापोडीला वारला. पुढचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यात आला. कबुलीजबाबावर सही करा आणि गादी ठेवा, असं महाराजांना सांगितलं गेलं. न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांनी दिली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला नेलं. १८४७ मध्ये तिथेच ते वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे एका तपाहून जास्त काळ झगडले. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंती पाहताना हे नाव आपण घेतोच.

तो मनोरा पाहताना आम्ही नेहमी सांगतो: हे प्रतापसिंह महाराजांच्या गादीवरच्या शेवटच्या वर्षांतलं बांधकाम आहे. दगडाचा त्यात दोष नाही. पण त्या वर्षी मुंबईत काय उभं राहत होतं आणि साताऱ्यात काय पाडलं जात होतं, ते एकत्र कळायला हवं.

वेदीकडचा भाग वेगळा का दिसतो?

कापसाच्या तेजीत, १८६५ च्या सुमारास, वेदीकडचा भाग मोठा करून गॉथिक पद्धतीनं बांधला. म्हणून अर्धी इमारत साधी, जाड भिंतींची, आणि पुढचा भाग कमानीदार. दारापुढचं नक्षीदार कारंजंही त्याच काळातलं. त्याचा खर्च पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनी केला आणि आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, ज्यानं राजाबाई टॉवरचाही आराखडा केला.

आतली कोणती स्मारकं आवर्जून पाहावीत?

भिंती संगमरवरी स्मारकांनी भरल्या आहेत. सगळी वाचत बसलात तर दिवस जाईल. आपल्या दृष्टीनं पहिलं स्मारक कर्नल बर याचं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत इंग्रजी फौजेचा सेनापती तो होता. पलीकडे होते बापू गोखले. पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित त्याच दिवशी पडले. खडकीनंतर दुसरा बाजीराव पळत सुटला आणि प्रतापसिंह महाराजांनाही बरोबर फिरवत राहिला. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले लढता लढता गेले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. त्याच साली इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. बरच्या स्मारकापुढे उभं राहून ही साखळी सांगितली की मुलं ऐकत राहतात. बापू गोखल्यांचं नाव त्या भिंतीवर कुठून असणार? ते आपण घ्यायचं.

दुसरं जोनाथन डंकनचं. १७९५ ते १८११ असा सोळा वर्षं तो गव्हर्नर होता. शिल्पात हिंदू मुलं त्याला दुवा देताना दाखवली आहेत, कारण काशीकडे आणि नंतर काठेवाडात मुलींना जन्मताच मारण्याची चाल बंद पाडण्यासाठी तो झटला. हे त्याचं काम खरोखर मोठं होतं आणि मोकळ्या मनानं मान्य करावं. त्याच्याच कारकिर्दीत, १८०२ मध्ये, पळून आलेल्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि मराठी राज्याचा गळा इंग्रजांच्या हाती दिला, हेही त्याच दमात सांगावं.

कॅप्टन हार्डिंग १८०८ मध्ये फ्रेंच जहाज पकडताना पडला. एल्ड्रेड पॉटिंजर हेरातच्या वेढ्यात गाजला. या दोघांची स्मारकं शिल्प म्हणून पाहण्याजोगी आहेत. बिशप कार यांचंही स्मारक आत आहे. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्च्याही जपल्या आहेत.

आपल्याविरुद्ध लढलेल्यांची स्मारकं आपण का पाहायची?

हा प्रश्न रागानंही विचारला जातो, आणि तो राग आम्हाला समजतो. आमचं उत्तर असं: हा आपल्या इतिहासाचा दुसऱ्यानं लिहून ठेवलेला कागद आहे. तो फाडला तर आपलीच बाजू शाबीत करायला अडचण होते. शिवाय त्या पाट्यांवर सेनापतींइतकीच साधी माणसंही आहेत: विशीत तापानं गेलेले तरुण, बाळंतपणात गेलेल्या बायका, समुद्रातच वारलेली पोरं. त्यांच्या आईबापांचं दुःख आपल्या दुःखाहून वेगळं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे हे आजही चालू असलेलं देवघर आहे. तिथे येणारी मंडळी भारतीय आहेत, आपली आहेत.

हे चर्च रोमन कॅथलिक आहे का?

नाही. ते अँग्लिकन होतं, आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. मुंबईच्या कॅथलिकांचं कॅथेड्रल कुलाब्याला आहे, होली नेम.

साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळींचं या कॅथेड्रलशी नातं काय?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कॅथेड्रलचे पाद्री कंपनीच्या पगारावर, इंग्रजांसाठी. कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्मप्रसारानं व्यापारात आणि राज्यात विघ्न येईल अशी तिला भीती. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचेच हुकूम होते. कसेबसे ते राहिले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. सातारा, वाईकडची जुनी मराठी ख्रिस्ती मंडळी घडली ती या परंपरेतून: मराठी शाळा, मराठी बायबल, मराठी भजनं. मिरजेचं डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय दुसऱ्या एका अमेरिकन मिशनचं, प्रेस्बिटेरियनांचं.

या मराठी परंपरेचं शिखर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि इथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांना ख्रिस्ताच्या प्रेमात बंधू म्हणून एकत्र बसता यावं, परदेशी पेहराव बाजूला ठेवून कीर्तनात आणि अभंगात देव गावा, ही त्यांची तळमळ. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची भजनं आजही रविवारच्या उपासनेत गायली जातात.

कॅथेड्रलची वाट आणि आपली वाट एकत्र आली ती स्वातंत्र्यानंतर. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन त्यात आले, आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्याही आल्या. म्हणून साताऱ्याचं ख्रिस्ती कुटुंब आज तिथे गेलं की ते आपल्याच चर्चमध्ये जात असतं. हे कुटुंबांतल्या तरुणांना सहसा कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात त्या काळचं इंग्रजी चर्च आहे का?

महाबळेश्वरचं ख्राइस्ट चर्च. १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमनं खंडाळा गावाच्या बदल्यात प्रतापसिंह महाराजांकडून तिथली जागा घेतली आणि इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं वसलं. १८४२ मध्ये तिथल्या चर्चचं समर्पण करायला बिशप कार आले होते, तेच मुंबईचे पहिले बिशप. पाचगणीचं सेंट पीटर्स चर्चही पाहावं. ते गाव वसवणारे जॉन चेसन तिथेच चिरविश्रांती घेत आहेत.

मेणवलीची घंटा या चर्चची आहे असं ऐकलं, खरं का?

नाही. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावरची ती मोठी घंटा वसईकडच्या पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ च्या विजयानंतर तिथल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर मरियम आणि बाळ येशू कोरले आहेत. सेंट थॉमस कधीच मराठ्यांच्या हाती पडलं नाही, त्यामुळे तिथून काही येण्याचा प्रश्नच नव्हता. वाईला जाणाऱ्यांनी ती घंटा जरूर पाहावी, फक्त मुलांना चुकीचं सांगू नये.

इमारतीची आजची स्थिती कशी आहे?

चांगली. गेल्या शतकाच्या शेवटी गळती आणि पडझड बरीच झाली होती. नंतर जुन्या पद्धतीचा मान राखून दुरुस्ती झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कारांत तिचा गौरव झाला. आपल्या राजवाड्याची दशा ज्यांना सलते त्यांनी हे काम जवळून पाहावं. जुनी इमारत वापरात ठेवूनही नीट राखता येते.

साताऱ्याहून कसं जायचं आणि काय सांभाळायचं?

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मिरज, सांगली, सातारा करत सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. सहलीला हीच सोयीची. दिवसाची कोयना एक्स्प्रेसही तिथेच जाते. स्टेशनवरून कॅथेड्रल चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाटेत हुतात्मा चौक घ्या, मग वीर नरिमन रोडनं पूर्वेकडे वळा. डाव्या हाताला मनोरा दिसतो.

उपासना चालू असेल तर गट आत नेऊ नका, बाहेर आवारात थांबा. फोटोची परवानगी आधी विचारा. स्मारकांना हात लावू देऊ नका. संगमरवर घामानं काळवंडतो. मुलांना जाण्याआधी तीन नावं सांगून ठेवा: कान्होजी आंग्रे, रामा कामाती, प्रतापसिंह महाराज. यांतलं एकही नाव तिथल्या भिंतीवर शोधून सापडणार नाही. म्हणून ती गोष्ट शिक्षकानं तोंडानं सांगावी लागते, आणि त्यासाठी किमान एक तास हाताशी ठेवावा. नंतर वेळ उरला तर शेजारीच एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल आहे, १८३३ चा.